निन्यो उत्तरेला जाऊन आला

"तिथंच थांब. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही," दोन्या दोमितिलानं दारातूनच सुनावलं.

कुको थांबला. हातात बाळासाठी आणलेलं गुलाबी पांघरूण, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या दुकानातलं. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि बोलण्याऐवजी खोकलाच आला. कोरडा, घसा खरवडून काढणारा. झालं! बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"पिशवी अंगणाच्या भिंतीवर ठेव आणि जा घरी. पांघरूण उकळून घेईन मी."

"उकळलं तर विरेल ते, दोन्या."

"विरू दे."

थोरल्या बाईला इथं 'दोन्या' म्हणतात, आणि तसं म्हणणारा हा कुको काही परका नव्हे. इथलाच, सान इसिद्रो गावचा. वीस वर्षं तिकडं मांसाच्या कारखान्यात, बर्फखान्यात राबला आणि आता केस काळेभोर रंगवून परत आला. पण दोमितिलाचा स्वभावच मुळात संशयी. दूधवाला हसला तरी तिला वाटायचं, आज पाणी जास्त घातलंय मेल्यानं. आणि या वेळी तर संशय घ्यायला तिच्याकडे सबळ कारण होतं. आत खाटेवर तिची सून नोएमी बाळंतीण होती. दोन वेळा पोट रिकामं झालं होतं बिचारीचं. तिसऱ्या खेपेला ही मुलगी जगली, वाचली, मुठीएवढं तोंड घेऊन घरात आली. बाप्तिस्मा व्हायचा होता, म्हणून नावही अजून ठेवलं नव्हतं, सगळे नुसतं 'पोर' म्हणायचे. दोमितिलानं शेजारणीला स्वच्छ सांगून टाकलं होतं, "या पोरीला काही झालं ना, तर मला तिच्याच शेजारी पुरा. मला काही जगायचं नाही मग."

तेव्हा बाळंतिणीचे चाळीस दिवस ती दारात खुर्ची टाकून बसली होती. उन्हातून आलेला माणूस नको, त्याच्या अंगाची धग बाळाला बाधते. मयताला जाऊन आलेला नको. तोंड भरून कौतुक करणारी बाई तर मुळीच नको, तिची दृष्ट लागते. पोरीच्या मनगटात लाल दोरा, दोऱ्यात हरणाच्या डोळ्यासारखी बी. पाव विकणाऱ्यालाही ती रस्त्यावरूनच पिटाळायची.

"कोमाद्रे, अमेरिकेच्या विमानतळावरसुद्धा एवढी झडती घेत नाहीत गं," चायो तिला चिडवायची. चायो म्हणजे दोमितिलाच्या मुलाची, फेर्मिनची धर्ममाता; त्या नात्यानं दोघी एकमेकींच्या 'कोमाद्रे'. दोघींची मैत्री चाळीस वर्षांची, म्हणून तिचं चालायचं.

"तू बोलू नकोस. तुझ्या नातवाचं नाक वाहतंय. त्याला घेऊन लांब उभी राहा."

एकालाच मात्र अडवायचा प्रश्न नव्हता. निन्योला.

निन्यो म्हणजे गावचा बाळयेशू. लाकडाचा, वीतभर उंचीचा, गालावर गुलाबी रंग, काचेचे डोळे. दर वर्षी एका घराकडे त्याचा मान जातो आणि वर्षभर त्या घरची बाई त्याची आई. त्याला न्हाऊमाखू घालायचं, कपडे बदलायचे, आणि कुठं आजारपण असलं की त्याला कुशीत घेऊन त्या घरी जायचं. आजाऱ्याच्या उशाशी निन्योला निजवायचं आणि दोघांवर वाकून अंगाईगीत म्हणायचं. हळू आवाजात, अगदी जवळून, कारण निन्योची झोप मोडू नये. यंदा मान दोमितिलाचा. अख्ख्या जन्मात एकदा मिळतो तो. त्यामुळे बाई जरा हवेत होत्या, हेही खरंच.

आणि गेली काही वर्षं एक नवीन रीत पडली आहे. निम्मं गाव तिकडं उत्तरेला, कॅन्ससमध्ये आहे. कागदपत्रं नाहीत म्हणून त्या लेकरांना इकडं येता येत नाही, आली तर परत जाता येत नाही. मग देवानंच जायचं. मानकरणीला व्हिसा मिळाला तर ती निन्योला घेऊन विमानानं जाते, घरोघर फिरते, आणि माणसं त्याच्या इवल्याशा पायाचं चुंबन घेऊन ढसढसा रडतात. दोमितिला हिवाळ्यात जाऊन आली होती. निन्योला सामानात टाकायला तिनं साफ नकार दिला, मांडीवरच घेऊन बसली. परतीच्या विमानात शेजारच्या खुर्चीवर सोबतीला हाच कुको. ती आली आणि आठवड्यातच नोएमी बाळंत झाली. देवानं पायगुण दाखवला म्हणून गावानं फटाके उडवले, आणि दोमितिला निन्योला घेऊन चायोकडे, गिरणीवाल्याकडे, घरोघर गाऊन आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती निन्योला आत नेऊन पोरीशेजारी निजवायची आणि दोघांवर वाकून गायची. पोर डोळे मिटायची. नोएमी उशीवरून बघत राहायची. त्या वेळी घरात फार बरं वाटायचं.

मग चायोच्या नातवाला खोकला लागला.

साधा नव्हे. एकदा सुरू झाला की थांबायचाच नाही, पोरगं लालबुंद व्हायचं, आणि शेवटी आत श्वास ओढताना घशातून आरवल्यासारखा आवाज. मागोमाग गिरणीवाल्याच्या दोन मुली. मग चर्चशेजारची म्हातारी, खोकून खोकून तिची बरगडी दुखावली. गावात नवीन बदलून आलेली डॉक्टरीणबाई, रेनाता तिचं नाव, वयानं लहान पण भारी खोदून विचारणारी. घरोघर हिंडून नाकात काड्या घालून नमुने घेऊ लागली.

"कोमाद्रे, हे कुठून आलं गं?" चायोनं विचारलं. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते.

दोमितिलाकडे उत्तर तयारच होतं. "तुला खरं सांगू? कुको. विमानात माझ्या शेजारी बसून इकडं मोरेलियाच्या विमानतळापर्यंत खोकत आलाय. मी निन्योवर रुमाल धरून बसले होते."

"आई गं! आणि परवा तो आमच्या दुकानात उभा होता."

"बघ, मी काय म्हणते ते!"

चायोच्या पोटात गोष्ट राहायची म्हणजे चाळणीत पाणी राहायचं. दुपारपर्यंत गाव पेटलं. तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, विकणारी बाई कुकोच्या तोर्तिया कागदात गुंडाळून बाहेरच्या कठड्यावर ठेवू लागली, वर म्हणायची, "घे, आणि मागं बघू नकोस." न्हाव्यानं दुकान बंद असल्याचं सांगितलं, आत गिऱ्हाईक बसलेलं असताना. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला तो बाकावर बसला की त्या बाकावरची माणसं दुसरीकडे सरकायची. वाळीत टाकणं म्हणतात ते यालाच.

दोमितिलाला त्याचं काही वाटलं नाही. उलट, वेळीच ओळखलं म्हणून ती स्वतःवर खूश होती. खोकल्याची घरं वाढत होती, तशी बोलावणीही वाढत होती. "दोन्या, निन्योला घेऊन या. पोराचा खोकला ऐकत नाही हो." ती जायची. गिरणीवाल्याकडे, म्हातारीकडे, टेकडीवरच्या विधवेकडे. वाकायची, गायची. मधेच तिचाच घसा खवखवायचा. मग ती शालीआड तोंड लपवून पुदिन्याची गोळी चघळायची. तिकडं गाऊन गाऊन घसा बसलाय, आता काय करणार!

एके दिवशी विहिरीच्या वळणावर कुको समोर आला. तिनं लगेच रस्ता बदलला.

"पळताय कशाला, दोन्या? मी चावत नाही."

"तोंड तिकडं कर आणि बोल."

"करतो. पण एक विचारू? विमानात मी खोकलो ते खरं. वीस वर्षं बर्फात उभं राहिलेला माणूस खोकणारच. पण तुम्हीही खोकत होता. शेवटी शेवटी तर माझ्यापेक्षा जास्त. मी तुम्हाला माझं पाणी दिलं होतं, आठवतंय?"

दोमितिलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तो खोकला नव्हता! घसा होता! निन्योसाठी गाऊन बसलेला घसा आणि तुझी दारूविडीची ढास एकच काय रे?"

"मी विडी ओढत नाही, दोन्या."

"मग तर आणखीच वाईट," ती म्हणाली आणि तरातरा निघून गेली. घरी जाऊन तिनं दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. कुकोनं दिलेलं पाणी तिला आठवत होतं. चांगलंच आठवत होतं.

डॉक्टरीणबाई त्याच आठवड्यात दारात आली. खुर्चीसमोर नम्रपणे उभी राहिली. "दोन्या दोमितिला, तुम्हीही प्रवास करून आलात. तुमचाही नमुना घेऊ का? एक मिनिट लागेल."

"माझ्या नाकात काडी? मी काय आजारी कोंबडी आहे?"

"खोकला येतो का अधूनमधून?"

"येत नाही. कुकोला विचारा. त्याच्यामागं लागा."

"तो स्वतःहून येऊन देऊन गेला. परवा."

"जाणारच! चोराच्या मनात चांदणं."

डॉक्टरीणबाई हसली नाही. आत पाळण्याकडे तिनं मान लांब करून पाहिलं. "बाळ अजून लस घेण्याएवढं झालेलं नाही. तिच्याजवळ खोकणारं कुणीही जाऊ देऊ नका. कुणीही."

"ते मला शिकवू नका," दोमितिला म्हणाली. "माझ्या परवानगीशिवाय इथं माशी शिरत नाही."

तीन-चार दिवसांनी सकाळी पोर दूध पीत नव्हती. नाक भरलेलं. दुपारी ती खोकली. एवढ्याशा छातीतून तो एवढा मोठा खोकला! आणि मग खोकला थांबला आणि श्वासही थांबला. ओठ निळे. नोएमी किंचाळली. फेर्मिननं पोरीला उलटं धरून पाठीवर थोपटलं तेव्हा कुठं ती परत रडली. तशीच ट्रकमध्ये घालून तिला मोरेलियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, डांग्या खोकला. मोठ्यांना नुसता खोकला म्हणून होतो, अंगावर काढतात. एवढ्या लहानाला जिवावर बेततो.

नोएमी पोरीपाशी राहिली. फेर्मिन रविवारी एकटा परत आला आणि मिस्सा सुटल्यावर दहाबारा जणांना घेऊन सरळ कुकोच्या फाटकावर गेला. दोमितिला मागोमाग. निन्यो तिच्या कुशीत. चायोही होती.

"बाहेर ये!" फेर्मिन ओरडला. "माझी पोर काचेच्या पेटीत पडलीय तुझ्यापायी. आजच्या आज गाव सोड!"

कुको बाहेर आला. हातात पिशवी. त्यानं खरोखरच सामान बांधून ठेवलं होतं. "जातो," तो म्हणाला. "मला इथं तोर्तिया कठड्यावर मिळते. राहून काय करू? पण फेर्मिन, मी तुझ्या घरात एकदाही आलो नाही. तुझ्या आईला विचार. उंबऱ्यावरूनच परत पाठवलं मला."

"हवेतून आणलंस!"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई धापा टाकत आली. हातातला कागद तिनं उंच धरला. "थांबा! कुकोचा नमुना तपासून आलाय. त्याला हा रोग नाही. नव्हताच. त्याची फुप्फुसं कारखान्यात खराब झालीत, त्याचा खोकला कुणाला लागत नाही."

मागची माणसं कागद बघायला पुढं सरकली. मग चायोनंच विचारलं, "मग आणला कुणी?"

डॉक्टरीणबाईनं कागद खाली घेतला. तिनं निन्योकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मी सगळ्या घरी विचारलं. जिथं जिथं खोकला आहे, तिथं त्याआधी निन्यो येऊन गेलाय."

अरे देवा! मग जो गलका झाला! गिरणीवाला मुठी आवळून पुढं आला. "देवावर आळ घेता? शहरातून येऊन?" फेर्मिन म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तोंड सांभाळा. बाई आहात म्हणून ऐकून घेतोय." कुणीतरी ओरडलं, आधी हिलाच गावाबाहेर काढा. सगळे दोमितिलाकडे बघत होते. आता बोलायचं तिनंच, निन्योची आई तीच.

आणि दोमितिलाला कॅन्ससचं ते तळघर आठवलं. खिडकी नसलेली खोली, माणसं दाटीवाटीनं बसलेली, बाहेर बर्फ. एक पोरगी अशी खोकत होती की शेवटी कोंबड्यासारखी आरवायची. आई म्हणाली, काही नाही, थंडीचं होतंय तिला. पोरगीनं दोमितिलाच्या मांडीत डोकं खुपसलं होतं. दोमितिलानं काय केलं? आवाज ऐकू येऊ नये म्हणून आणखी मोठ्यानं गायली. दूधवाल्यावर संशय घेणारी बाई, पाववाल्यावर संशय घेणारी बाई, तिथं तिला संशय आला नाही. कारण निन्यो मांडीवर होता आणि निन्योपाशी वाईट काही येत नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

खरं सांगायचं तर संशय आला होता. विहिरीच्या वळणावरच आला होता. तिनं तो गोळीबरोबर गिळला होता.

ती गप्प राहिली असती तर पुढं काय होतं ते दिसतच होतं. कुको बस पकडून गेला असता, डॉक्टरीणबाईची बदली झाली असती, आणि संध्याकाळी कुणीतरी पुन्हा बोलावणं पाठवलं असतं. तेवढ्यात घशात ते वर आलं. गोळी नव्हती. ती खोकायला लागली. कमरेत वाकली, पुन्हा पुन्हा, श्वास घ्यायला उसंतच नाही. निन्यो हातातून निसटायला लागला तेव्हा चायोनं हात पुढं केला.

"हात लावू नकोस!" दोमितिला ओरडली. आवाज फाटला. निन्योला तिनं कठड्यावर ठेवलं आणि स्वतः चार पावलं मागं सरकली. "लांब व्हा सगळे. अरे, ओरडताय कुणावर? निन्यो लाकडाचा आहे. लाकूड कधी खोकतं का? खोकते ती मी. उत्तरेहून मी आणलाय हा. त्याला कुशीत घेऊन तुमच्या घरी आले, आणि तुमच्या पोरांच्या तोंडावर वाकून गायले. कुकोचं नाव मी घेतलं. खोटं घेतलं."

चायोनं तोंडावर हात ठेवला. "कोमाद्रे... माझा नातू..."

"हो," दोमितिला म्हणाली. "तुझा नातू. माझी नात."

 कुकोनं पिशवी खाली ठेवली आणि फाटकावर टेकून नुसता उभा राहिला. फेर्मिन आईकडे बघत होता आणि बघवत नव्हतं म्हणून जमिनीकडे बघत होता.

डॉक्टरीणबाईनं तिथंच तिला औषध दिलं, तोंडाला मास्क बांधला. जाताना म्हणाली, "दोन्या, घरोघरी जाऊन सांगावं लागेल. सगळ्यांना औषध द्यायचंय."

"सांगते. रस्त्यावरून ओरडून सांगते."

आणि तिनं सांगितलं. काही घरांनी खिडकी आपटून बंद केली. निन्यो त्याच दिवशी चर्चमध्ये गेला. मान गेला.

औषध पुरं झाल्यावर फेर्मिन तिला मोरेलियाला घेऊन गेला. पुढं बसायला सांगितलं तरी ती ट्रकच्या मागं बसली, वाऱ्यात, मास्क बांधून. दवाखान्याच्या अंगणात उतरल्यावर फेर्मिन हळूच म्हणाला, "अमा, नोएमीला काही सांगू नकोस. तिला कुणी सांगितलं नाहीये. पोर आता वाचेल म्हणतात. कशाला उगाच? ती पुन्हा तुझ्या हातात पोर द्यायची नाही."

दोमितिलाला तेच हवं होतं. देवाशपथ, फार हवं होतं. ती पोर पुन्हा हातात घ्यायला तिनं उरलेला जन्म गहाण टाकला असता.

नोएमी बाहेर आली. वाळून काटकी झालेली, पण चेहऱ्यावर हसू. "अमा! आज तिनं स्वतःहून दूध ओढलं. नळी काढली." मग तिनं इकडं तिकडं पाहिलं. "निन्यो कुठंय? आणला नाहीत? मी नर्सला पटवलंय, पाच मिनिटं आत सोडेल ती. तुम्ही फक्त एकदा गा तिच्याजवळ. तुमचा आवाज ऐकला की ती शांत होते."

फेर्मिन आईकडे बघत होता. दोमितिलानं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"नोएमी, ऐक. हा खोकला कुकोचा नव्हता. माझा होता. तिकडून मी घेऊन आले. रोज संध्याकाळी मी वाकून गायचे ना, तेव्हा गेला तो तिच्यात. डॉक्टरीणबाईनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

नोएमीचं हसू हळूहळू मावळलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं वळून आतल्या दाराकडे पाहिलं.

"मी उशीवरून बघत असायचे, अमा," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही तिच्या अगदी तोंडाशी गायचात. मला वाटायचं, केवढी नशीबवान आहे माझी पोर. मला कधी कुणी असं गाऊन निजवलं नाही."

आणि तिनं शालीचं टोक नाकातोंडावर ओढलं आणि एक पाऊल मागं सरकली. मग आणखी एक.

दोमितिलाला रडू फुटलं. रडता रडताच तिनं हातानं खूण केली, मागं हो, अजून मागं हो. "शाबास पोरी," ती म्हणाली. "अशीच लांब राहा. तिच्या बाबतीत कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकू नकोस. माझंसुद्धा नाही."